गमबूट

उर्दू शाळेत 'गम' या शब्दाला एकच अर्थ असतो, तो म्हणजे दुःख. आठवीच्या वर्गाला आम्ही एकदा पावसाळ्यावर दहा वाक्यं लिहायला सांगितली. एका मुलानं लिहिलं, 'बारिश में अब्बा ग़मबूट पहनते हैं.' गम लिहिताना त्यानं 'गैन' वापरला होता. शेजारच्या मुलानं ती चूक टाळून 'गाफ' घातला, तर त्याच्या वहीत ते 'गुमबूट' झालं. म्हणजे हरवलेला बूट! उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे गाफ आणि मीम एकत्र आले की वाचणारा आधी 'गुम' असंच वाचतो. वर्ग हसला. मग आम्ही सांगितलं, की हा गम दुःखाचाही नाही आणि हरवण्याचाही नाही. तो इंग्रजीतला आहे, झाडाच्या चिकाचा. मुलांनी मान डोलावली. पण या बुटाची माहिती जशी गोळा होत गेली, तसे आम्हाला मुलांचेच अर्थ जास्त खरे वाटू लागले.

'आम्ही' म्हणजे कुठलं मंडळ नव्हे. घरी कोकणी, शाळेत उर्दू आणि कचेरीत मराठी बोलणारे आम्ही एक शिक्षक. बी.एड. झाल्यापासून याच एका शाळेत आहोत. उर्दूतली 'हम' म्हणायची सवय मराठीत लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी आहे. वर्गातली निम्मी मुलं दर्यावर जाणाऱ्यांची. कुणाचा बाप तांडेल, कुणाचा खलाशी, कुणाचा भाऊ धक्क्यावर बर्फ फोडतो. बाकीची घरं थोडी भातशेती आणि थोडा आखातातून येणारा पैसा यांवर चालतात. मोहल्ल्यातल्या जवळपास प्रत्येक पडवीत गमबुटाची एक तरी जोडी असते. काळी, गुडघ्याच्या जरा खाली येणारी, आत पिवळट कापडी अस्तर असलेली. सगळ्या जोड्या एकाच साच्यातून निघालेल्या, त्यामुळे मशिदीच्या दारात किंवा धक्क्यावर त्यांची अदलाबदल होते. म्हणून वरच्या काठावर ऑइलपेंटनं खूण करतात. कुणी होडीचा नंबर घालतो, कुणी नुसता ठिपका देतो. गेल्या काही वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांनी बापाच्या बुटांवर अक्षरं काढायला सुरुवात केली आहे. एकावर मीम, दुसऱ्यावर काफ. एका घरात बाप निरक्षर आहे, पण आपल्या बुटावरचं 'शीन' तो लांबून ओळखतो. तीन नुक्ते आहेत ना वर!

लोकांना वाटतं, गमबूट म्हणजे पावसाळ्याची चीज. आमच्याकडे उलट आहे. होडीवर खलाशी बहुधा अनवाणीच असतो, कारण ओल्या फळीवर तळव्याला जी पकड मिळते ती त्याला भरवशाची वाटते. आणि पाण्यात पडलाच तर पाण्यानं भरलेला बूट माणसाला खाली ओढतो. होडीवर बूट घालणारे जाणते लोक म्हणूनच एक नंबर मोठा घेतात. वेळ आलीच तर झटक्यात पाय बाहेर निघावा. बुटाचं खरं राज्य धक्क्यावर. मिरकरवाडा बंदरावर पहाटे जाऊन पाहावं. खाली मासळीचं पाणी, वितळता बर्फ आणि डिझेलचा तवंग. त्यातून क्रेट ओढत माणसं पळत असतात. त्या पाण्यात शिंगाळ्याचा काटा पडलेला असतो, पाकटाचं शेपूट असतं. शिंगाळ्याचा काटा चपलेतून आरपार जातो आणि ठणका रात्रभर झोपू देत नाही. सहा-सात तास त्या पाण्यात उभं राहायचं तर बूट हवाच. तिथं तो रोजचा जोडा आहे, चपलेसारखा. त्यावरच चहाला जातात, बँकेत जातात, नमाजाला जातात.

शासनाच्या नियमानं १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हंगाम तो. होड्या किनाऱ्याला येतात, नेपाळी खलाशी आपल्या गावी जातात, जाळी दुरुस्तीला निघतात. नेमकं तेव्हाच कोकणात पाऊस कोसळत असतो आणि शाळा सुरू होते. आता बापाचे बूट रिकामे आणि पोराचे पाय भिजलेले. मग दहा नंबरच्या बुटात चिंध्या कोंबून सहा नंबरचे पाय शाळेला निघतात. ऑगस्ट उजाडला की बूट पुन्हा बंदरावर. पाऊस मात्र संपलेला नसतो. आमच्या वर्गातली उपस्थिती आणि बंदरातली बंदी यांचा हा असा संबंध आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात तो आम्हाला कुठं सापडला नव्हता.

बूट वापरण्याचंही एक शास्त्र आहे. बाहेरचं पाणी आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. दिवसभर बूट घालणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून सोलते. म्हणून आत सुती मोजे हवेत. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करायचे, आणि बूट काठीवर उलटे टांगायचे किंवा आत रद्दी कागद कोंबायचा. हल्ली बाजारात मिळणारे बहुतेक बूट रबराचे नसतात, पीव्हीसीचे असतात. ते स्वस्त आणि हलके. पण काही महिन्यांत घोट्याजवळच्या घडीवर चिरतात. खरं रबर मऊ असतं, चिरलं तर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ घेतं. आणि एक नियम आमच्याकडे आई मुलाला चालायला लागल्यापासून शिकवते, की बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही. आत विंचू असतो. हा कोकणातला लाल विंचू. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्याआधी या विंचवानं किती तरी घरं रिकामी केली होती. फुरशाचंही तसंच. ते बोटभर जाडीचं, पालापाचोळ्यात मिसळून जाणारं. चावतं ते पायाला, घोट्याला. कापणीच्या दिवसांत आणि आंबा-काजूच्या बागेत पायात गमबूट असला तर त्याचा दात कातडीपर्यंत पोचणं अवघड. लावणीच्या खाचरात मात्र गमबूट चालत नाही. चिखल त्याला धरून ठेवतो. पाय वर येतो, बूट खालीच राहतो. म्हणून लावणी करणाऱ्या बाया अजून अनवाणीच असतात, आणि उंदराच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोचा जंतू त्यांच्या भेगाळलेल्या टाचांतून आत शिरतो.

या बुटाचा खानदानी इतिहास मोठा नामदार आहे. इंग्रजीत त्याला वेलिंग्टन म्हणतात. हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. १७९९ साली श्रीरंगपट्टणवर चालून गेलेल्या आणि टिपू सुलतानाला शहीद करणाऱ्या फौजेत तो होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला त्यानं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढं इंग्लंडात त्यानं आपल्या चांभाराकडून चामड्याचे उंच बूट करून घेतले, आणि बड्या लोकांत त्यांची फॅशन झाली. रबराचा त्यात पत्ताही नव्हता. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी मात्र त्याच्या फार आधीपासून झाडाच्या चिकाचे जोडे करत होते. ते उन्हात चिकट व्हायचे आणि थंडीत तडकायचे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबरात गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली. हायरम हचिन्सन या दुसऱ्या अमेरिकनानं १८५३ साली फ्रान्समध्ये कारखाना काढला आणि त्या पद्धतीनं बूट करायला घेतले. तिथले शेतकरी तोवर लाकडी जोडे घालून चिखलात वावरायचे. म्हणजे नाव सरदाराचं राहिलं आणि वस्तू शेतकऱ्याची झाली.

पण या बुटाच्या जोड्या लाखांनी निघाल्या त्या शेतकऱ्यासाठी नव्हे, पहिल्या महायुद्धासाठी. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत सैनिक दिवसचे दिवस थंडगार पाण्यात उभे होते. त्यांत हिंदुस्थानातून नेलेले जवानही होते. पाय बधिर व्हायचे, सुजायचे, काळे पडायचे, शेवटी कापावे लागायचे. या रोगाला नावच 'खंदकाचा पाय' असं पडलं. मग ब्रिटिश सरकारनं एडिंबराच्या कारखान्याला कामाला लावलं आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १२ लाख जोड्या बनवून घेतल्या. हे वाचताना आमच्या मनात आलं, की ही काळजी पायाची होती की लढाईची? ज्याचा पाय सडला तो शिपाई कामातून गेला, म्हणून बूट आला. तेच पाय शांततेच्या काळात शेतात सडत होते, तेव्हा कुठल्या सरकारनं कारखान्याला हुकूम दिला होता?

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींची कथा अशीच आहे. खाणीत पाणी साचायचं. ते उपसत बसण्यापेक्षा काळ्या मजुरांना गमबूट देणं मालकांना स्वस्त पडलं, असं सांगतात. अंधारात, बोलायची बंदी असताना, मजूर बुटांवर थापा मारून एकमेकांना इशारे द्यायचे. त्यातून एक नाच जन्माला आला. आज जग तो नाच तिकीट काढून पाहतं. टाळ्या वाजवाव्यात असाच तो आहे. पण टाळ्या वाजवताना ते न उपसलेलं पाणीही आठवावं.

आता घरची गोष्ट सांगतो. आमची एक विद्यार्थिनी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि दोन महिन्यांत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात लागली. घरची गरज होती. ईदला भेटायला आली तेव्हा कामाचं सांगत होती. तिथं सगळ्यांना पांढरे गमबूट मिळतात. पांढरे अशासाठी, की डाग लगेच दिसावा. ते घरी न्यायचे नाहीत. आत शिरताना क्लोरीनच्या पाण्याच्या उथळ हौदातून चालत जायचं, मग हात धुवायचे, मग कोळंबी सोलायला उभं राहायचं. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९९७ साली युरोपीय संघानं स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली होती, तेव्हापासून निर्यातीच्या कारखान्यांत ही शिस्त कडक झाली.

ती हसत म्हणाली, "सर, तिकडं काळजी आमच्या पायांची नाही. आमच्या पायांमुळं कोळंबी बाटू नये, त्याची आहे."

आम्ही गप्प बसलो. मग तीच म्हणाली, "पण पाय कोरडे राहतात, हे खरं. अम्मीचे बघा."

तिच्या अम्मीनं तरुणपणी एका जुन्या शेडमध्ये स्लीपर घालून बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलली होती. तिच्या दोन्ही पायांची नखं आजही काळी आहेत. बूट कुणाच्याही भल्यासाठी दिलेला असो, त्यातला पाय तर तिचाच. एवढा हिशेब त्या मुलीला आमच्याआधी कळला होता.

तरी प्रश्न राहतोच. जिथं मालाला धोका आहे तिथं बूट पोचतो. जिथं फक्त पायाला धोका आहे तिथं काय होतं? शहरातल्या गटारात उतरणाऱ्या माणसाच्या पायात आपण गमबूट किती वेळा पाहिला आहे? हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या नियमांत संरक्षक साधनांची लांबलचक यादी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ रोजी गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली; २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. मेलेल्या माणसाची किंमत तिप्पट झाली. जिवंत माणसाला बुटाची जोडी देणं त्यापेक्षा किती तरी स्वस्त, आणि मुळात त्याला उतरावंच लागू नये अशी यंत्रं आणणं त्याहून योग्य. पण तिथं निर्यात होणारा माल नाही, लढाई नाही, सोनं नाही.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोनं माणसं दगावली. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नका, हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. त्याचा अर्थ मात्र कळला तो २०२१ साली. त्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आमच्या मोहल्ल्यातली पोरं टेम्पो करून साफसफाईला गेली, त्यांच्याबरोबर आम्हीही. बंदीचा महिना असल्यामुळे बूट रिकामेच होते. पडव्यांतून गोळा करून २३ जोड्या नेल्या. माणसं चाळीसच्या वर. दोन पाळ्या केल्या. एका पाळीनं बूट घालून आत चिखल ओढायचा, दुसरीनं बाहेर पाणी आणि जेवण वाटायचं. दुकानांत कमरेएवढा गाळ, त्यात फुटक्या काचा, खिळे, कुजलेलं धान्य. संध्याकाळी बूट काढले तेव्हा कुणाच्या पायात कुणाचा बूट याचा पत्ता नव्हता. मीमचा पाय शीनच्या बुटात होता. जिच्या घरातला गाळ आम्ही काढला त्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "बाळांनो, तुमचे बूट तरी धुऊन देते." त्यांच्या घरात तेव्हा प्यायलाही पाणी नव्हतं.

शाळेतला प्रसंग त्यानंतरचा. आमच्या शाळेत काळे चामडी बूट आणि पांढरे मोजे असा नियम आहे. परिपाठाच्या रांगेत तो सुंदर दिसतो. पण जून-जुलैत कोकणात चामडी बूट सकाळी भिजला तर तिसऱ्या दिवशी वाळतो, आणि बहुतेक मुलांकडे एकच जोड. २०२३ साली राज्य शासनानं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे द्यायचं ठरवलं. चांगलंच झालं. मोजे दोन जोड्या का, हे ज्यानं ठरवलं त्याला पाऊस माहीत असावा. पण बूट एकच.

तर गमबूट घालून येणाऱ्या मुलांचं काय करायचं, हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला. कुणी म्हणालं, शाळा आहे की बंदर? कुणी म्हणालं, वास येतो. तो येतोच, नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही एवढंच म्हणालो, की बूट रांगेसाठी आहे की पायासाठी, हे आधी ठरवू या. मुख्याध्यापकांनी हे पालकांसमोर ठेवू या म्हटलं.

पालक सभेत आम्हाला वाटलं होतं की बंदरावरचे पालक खूश होतील. झालं वेगळंच. एक तांडेल उठून उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता, पण हात थरथरत होता. म्हणाले, "सर, हा बूट त्याच्या पायात येऊ नये म्हणून तर मी त्याला शाळेत घातला. माझा बाप गमबुटात गेला, मी गमबुटात चाललोय. आता शाळाच सांगते, गमबूट घालून पाठवा?"

सभेत कुणी बोलेना. मराठीत एक म्हण आहे, पायीची वहाण पायीच बरी. ती वहाणेबद्दल वापरत नाहीत, माणसांबद्दल वापरतात. त्या तांडेलाला ती म्हण कुणी ना कुणी आयुष्यभर ऐकवली होती, आणि तिचंच चित्र त्याला मुलाच्या पायात दिसत होतं. त्याला चूक कसं म्हणावं?

शेवटी मागे बसलेले एक म्हातारे चाचा बोलले. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. "अरे बाबा, बूट बदनाम कशाला करतोस? मोठ्या इस्पितळात हाडाचा डॉक्टर ऑपरेशनला गमबूट घालतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. धरणावरचा इंजिनीयर घालतो. पोराला बूट घालूनच शिकू दे. पुढं कुठला बूट घालायचा ते त्याचं तो बघेल. पाय सडले तर चालणार कशानं?"

तांडेल खाली बसले. पटलं की नाही, ते सांगता येत नाही. मान हलवली नाही, पण विरोधही केला नाही. ठराव असा झाला, की १५ जून ते ३० सप्टेंबर पाय कोरडा ठेवणारा कुठलाही जोडा चालेल. तो व्हरांड्यात काढायचा आणि वर्गात सगळ्यांनीच अनवाणी बसायचं. चामडी बूटवाल्यांनीही. घरात आणि मशिदीत आपण तेच करतो, त्यात नवीन काही नाही. वर्गात सगळ्यांचे पाय उघडे झाले तेव्हा आम्हाला पहिल्यांदा दिसलं, की किती मुलांच्या बोटांत चिखल्या आहेत. त्यांत चामडी बूटवालीच जास्त होती.

याच काळात एका चौकस मुलानं मशिदीत विचारलं, की वजू करताना चामड्याच्या मोज्यांवर मसह चालतं, मग गमबुटावर का नाही? मौलवीसाहेब चिडले नाहीत. त्यांनी अटी सांगितल्या. मोजा वजू केल्यानंतर घातलेला हवा, घोटा झाकणारा हवा, चालण्याजोगा मजबूत हवा, पाणी आत झिरपू नये आणि तो पाक हवा. मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. मुलगा विचार करून म्हणाला, "बाकी सगळं आहे. पाकचं तेवढं अब्बांना विचारावं लागेल." मशीद हसली. आम्हाला मात्र एक गोष्ट लागून राहिली. शरियतमध्ये या सवलतीला 'रुख्सत' म्हणतात. थंडीत, प्रवासात माणसाला त्रास होऊ नये म्हणून दिलेली ती मोकळीक. तिथं माल नाही, लढाई नाही, रांगेची शोभा नाही. विचार फक्त पायाचा आहे. नियम करणाऱ्या प्रत्येकानं, मग तो शाळेचा असो की कारखान्याचा, एवढं तरी शिकायला हरकत नाही.

ठरावानंतर एक गोष्ट राहून गेल्याचं लक्षात आलं. गमबूट घालून येणारे सगळे मुलगेच होते. मुली बापाचे बूट घालत नाहीत, आणि बाजारात मिळणारा सगळ्यात लहान गमबूट सहा नंबरचा. दुकानदार म्हणतो, बायका घेत नाहीत म्हणून लहान नंबर ठेवत नाही. बायका म्हणतात, मिळत नाही म्हणून घेत नाही. धक्क्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या आमच्या आया-खाला पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यात स्लीपरवर उभ्या आहेत, याचं कारण एवढंच. शेवटी पालक-शिक्षक संघानं दुकानदाराला आगाऊ पैसे दिले आणि चार व पाच नंबरच्या बारा जोड्या मागवायला लावल्या. त्या मुंबईहून आल्या, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.

नऊ जोड्या मुलींनी घेतल्या. उरलेल्या तीन परत पाठवायच्या का, असं दुकानदार विचारत होता. तेवढ्यात मुलीला घ्यायला आलेल्या एका बाईनं त्यांतली एक जोडी उचलली, उलटी करून झटकली आणि तिथंच स्वतःच्या पायात घालून पाहिली. मग पदरातले पैसे मोजून दिले आणि लेकीला म्हणाली, "वर माझं अक्षर काढून दे." दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोन जोड्याही गेल्या.